डाएट निवडताना आधी दिवाळीचा विचार करा

कुठल्याही डाएटचा पहिला महिना छान जातो. भात-पोळी जवळजवळ बंद करणारं कीटो असो, दोन वेळचं जेवण असो, नाहीतर नुसत्या फळांवर काढलेला आठवडा असो, काटा भराभर खाली येतो, पॅन्ट सैल होते, सोसायटीच्या ग्रुपवर दोघं-चौघं "काय करतेस गं?" म्हणून विचारतात. लोक एकमेकांना सांगतातही ते पहिल्या महिन्याचेच आकडे. आहारसल्ल्यासाठी माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बहुतेकांनी असे बरेच पहिले महिने काढलेले असतात. वजन उतरवणं त्यांना जमतं, गाडी अडते ती पुढे.

पहिल्या आठवड्यातले दोन-तीन किलो बहुतांशी पाण्याचे असतात, हे आधीच सांगून टाकते. भात-पोळीतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी तोडली की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. चरबीचा हिशेब फार सावकाश चालतो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. रोज ३०० कॅलरी कमी खाल्ल्या तर महिन्याला किलोभर, तोही सुरुवातीला. पहिल्यांदाच किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी पुढचे टप्पे लिहितेय. निवडीचा निकष मी एकच धरलाय: वर्षातल्या सगळ्यात अवघड आठवड्यात हे खाणं तुम्हाला जमेल का?

पहिला टप्पा: काटा, इंचटेप आणि डॉक्टर

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. येतो तो बीएमआय. भारतीयांसाठी २३ पासून पुढे जादा वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्याला कडक पट्टी का, याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अंगानं बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण.

म्हणून इंचटेप हवीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. काटा महिनाभर हलला नाही तरी कंबर दोन सेंटिमीटरनं कमी झालेली असते, असं पुष्कळदा होतं. टेप नसेल तर हे कळतच नाही.

डॉक्टरांकडे जाणं काहींना ऐच्छिक नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवण टाळलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, किडनीचा त्रास असलेले, खाण्याशी पूर्वी कधी झगडा झालेले, या सगळ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. बाकीच्यांनी निदान एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्यावं. वजन वाढलं की घरचे 'थायरॉइड असेल' म्हणून मोकळे होतात. एकदा तपासून घेतलं की ती शंका तरी मिटते.

आता लक्ष्य. "लग्नाच्या वेळी होतं तेवढं" हे सर्वांचं आवडतं लक्ष्य, आणि तिशी-चाळिशीनंतर बहुधा निरुपयोगी. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचा अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्ष्य होतं वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुम्ही ८० किलोंचे असाल तर ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. वहीत पहिलं लक्ष्य एवढंच लिहा.

दुसरा टप्पा: काही न बदलता एक आठवडा लिहून काढा

हा आठवडा लोकांना नको असतो, कारण त्यात वजन उतरत नाही. पण कुठली पद्धत आपली हे यातूनच कळतं. शनिवार-रविवार धरून सात दिवस, तोंडात गेलेलं सगळं लिहायचं. चव बघताना खाल्लेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, सगळं. कॅलरी लिहू नका. वेळ, पदार्थ, आणि भूक होती की नव्हती, बस्स.

आठवड्याअखेर बहुतेक वह्यांत एकच जागा ठळक दिसते. कुणाचं दिवसभराचं जेवण बेताचं, पण संध्याकाळी सहा ते साडेआठ तोंड चालूच. कुणाच्या चहाच्या सहा फेऱ्या. दोन चमचे साखर म्हणजे कपाला ४० कॅलरी, वर खारी नाहीतर बिस्किटं. कुणी सोमवार ते शुक्रवार साधूसंत आणि शनिवारी रात्री सगळं वसूल. तिघांना तीन वेगळ्या पद्धती लागणार आहेत.

वहीत न येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तेल. त्यासाठी नवा कॅन फोडताना त्यावर मार्करनं तारीख टाका आणि संपला की दिवस मोजा. समजा घरात चौघं आहेत आणि ५ लिटरचा कॅन महिन्याला संपतो. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, कॅलरी ३४० च्या आसपास. बाहेरचा वडा, सामोसा, शेव यांतलं तेल वेगळंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅमचा नमुना दिलाय. तेवढ्यावर यायचं तर तोच कॅन ४२-४३ दिवस पुरला पाहिजे, आणि तूप घ्याल त्या मापानं आणखी थोडा जास्त. माणशी रोज १०० कॅलरी कमी झाल्या आणि कुणाच्या ताटातला एकही पदार्थ गेला नाही.

कॅनमधून थेट कढईत धार धरायची सवय मोडली तरी अर्धं काम होतं. बुधलीत काढून घ्या आणि पळीऐवजी चहाच्या चमच्यानं मोजून घाला. चौघांच्या भाजीच्या फोडणीला असे तीन चमचे पुरतात. मोहरी तडतडते, हिंग फुलतो, कांदा मात्र झाकण ठेवून आणि पाण्याचा हबका मारून शिजवावा लागतो. पहिले चार दिवस घरात कुरबुर होईल.

तिसरा टप्पा: पद्धत निवडा

आधी एक निकाल ऐका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं: एकाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. सरासरी घट एका गटात ५.३ किलो, दुसऱ्यात ६ किलो. फरक दखल घेण्याजोगा नव्हता. पण दोन्ही गटांत काहींचं २५ किलोंच्या वर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. तेव्हा 'सर्वांत चांगलं डाएट कोणतं' यावर वाद घालत बसण्यापेक्षा आपल्या घरात, आपल्या नोकरीत कुठलं चालेल ते बघा.

दोन वेळा जेवणाची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, अधेमधे काही नाही, आणि चालायचं. ज्यांची वही 'अधलंमधलं'नं भरलीय त्यांना ही बरोबर बसते, कारण दिवसभरात ठरवायचे प्रसंगच दोन उरतात. फिरतीची नोकरी, बदलत्या शिफ्ट, मधुमेहाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि 'आता रात्रीपर्यंत काही नाही' या धास्तीनं दुपारी दोन पोळ्या जास्त जात असतील, तर फायदा तिथेच संपला.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा सूर निराळा: स्थानिक आणि हंगामी खा, भात-तुपाला घाबरू नका, फार वेळ उपाशी राहू नका. सातच्या लोकलमधून उतरताना ज्यांना वडापावच्या गाडीवरून पुढे जाता येत नाही, त्यांना हे मानवतं. पाच वाजता मूठभर चणे किंवा केळं पोटात गेलेलं असलं की गाडी ओलांडता येते. फसतं कुठे? 'थोडं थोडं'मधलं 'थोडं' वाढत जातं तिथे.

या दोन पद्धतींवरून घराघरांत पक्ष पडलेत. सासूबाई एका बाजूला, सून दुसऱ्या. माझं मत विचाराल तर दोन्हींत लोकांना फायदा होतो तो बराचसा एकाच कारणानं: खाण्याला वेळापत्रक येतं आणि पाकीटबंद खाणं कमी होतं.

सोळा तासांचा उपास? चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खाण्याची वेळ आठ तासांवर आणून कॅलरीही कमी केलेले आणि नुसत्या कॅलरी कमी केलेले, यांच्यात ठळक फरक दिसला नाही. सकाळी भूक लागतच नसेल तर खुशाल करा. सकाळी न खाल्ल्यानं चिडचिड होत असेल तर वेगळा रस्ता शोधा.

कीटोबद्दल मी सरळ सांगते: शाकाहारी मराठी घरात हे वर्षभर चालताना मला दिसत नाही. वरण नाही, उसळ नाही, भाकरी नाही, आंब्याच्या दिवसांत आंबा नाही. उरतं पनीर आणि बदाम, तेही सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नाही. डब्यातली पावडर आणि शेक डबा असेपर्यंत चालतात.

कॅलरी मोजणं मला शिकण्यापुरतं आवडतं. दोन-तीन आठवडे मोजलं की शेंगदाण्याच्या मूठभर कुटात दीडशेच्या वर कॅलरी असतात हे डोक्यात बसतं. त्यापुढे घरच्या आमटीचा हिशेब ॲपमध्ये कोण भरत बसणार!

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं काय, असं आता दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात रीतसर आलं. औषधं परिणामकारक आहेत. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: किती काळ घ्यावं लागेल, आणि तेवढा काळ महिन्याचा खर्च किती. मैत्रिणीच्या ओळखीनं, प्रिस्क्रिप्शनशिवाय तर मुळीच नको.

मनात एक पद्धत आली की स्वतःला हे विचारा. स्वयंपाक कोण करतं, आणि त्या व्यक्तीला हे रोज रांधणं शक्य आहे का? घरचे जेवतात त्यात थोडा फेरफार करून भागेल, की माझं वेगळं शिजवावं लागेल? (वेगळा स्वयंपाक चार आठवड्यांच्या वर मी क्वचितच टिकलेला पाहिलाय.) एक दिवस मोडलं तर दुसऱ्या दिवशी सहज परत येता येईल, की 'आता मोडलंच' म्हणून सगळं सोडून द्यावंसं वाटेल? आणि भाऊबीजेला भावाकडे मी काय खाईन? शेवटच्या प्रश्नाला 'तेव्हा बघू' असं उत्तर येत असेल तर दुसरी पद्धत शोधा.

मग दोन आठवडे वापरून बघा. या दोन आठवड्यांत एखादं बाहेरचं जेवण किंवा घरचं कार्य मुद्दाम येऊ द्या.

चौथा टप्पा: ताट

पद्धत कुठलीही घ्या, ताटात दोन गोष्टी वाढवाव्या लागतात. पहिली प्रथिनं. ७० किलोंच्या माणसाला भारतीय शिफारशीनुसार रोज ५८ ग्रॅमच्या आसपास लागतात. पातळ वरणाची वाटी पाच-सहा ग्रॅमच देते; म्हणून 'मी रोज वरण खाते' एवढ्यानं भागत नाही. मटकीची घट्ट उसळ वाटीला सात-आठ ग्रॅम, एक अंडं सहा, १०० ग्रॅम पनीर अठरा, ३० ग्रॅम सुके सोया चंक्स पंधरा. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही जातात.

दुसरी भाजी. ताटात डावीकडे चमचाभर वाढलेली कोशिंबीर म्हणजे कोशिंबीर नव्हे, वाटीभर हवी. आणि ती आधी खायची.

भाकरीबद्दलचा गैरसमज जाता जाता. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच. भाकरी जाड असते, चावून खावी लागते, तिला तेल लागत नाही आणि दोनमध्ये पोट भरतं, म्हणून ती उपयोगी. चार खाल्ल्या तर काही उपयोग नाही.

पाचवा टप्पा: कॅलेंडर समोर घेऊन बसा

वर्षातले अवघड आठवडे आधीच खुणा करून ठेवा. गणपती, नवरात्राचे उपास, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं आणि आमरस, नोकरीतला मार्चअखेर. या आठवड्यांत वजन उतरवायचं नाही, आहे तिथे धरून ठेवायचं. हे आधी ठरलेलं असलं की अपराधी वाटत नाही, आणि अपराधी वाटलं नाही की माणूस दुसऱ्या दिवशी जाग्यावर येतो.

फराळात तुम्ही वर्षभर ज्याची वाट बघता ते दोन पदार्थ निवडा, समजा चकली आणि ओल्या नारळाची करंजी. ते मनापासून, बसून, ताटलीत घेऊन खा. शंकरपाळे आणि शेव जाता-येता डब्यात हात घालून जातात, त्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

आग्रहावर एक युक्ती. पहिल्यांदा वाढून घेताना नेहमीच्या निम्मंच घ्या. मावशी दुसऱ्यांदा येणार, "एवढ्यानं काय होतंय गं?" म्हणणार, तेव्हा हसून घ्या. तुमचं नेहमीचं जेवण झालं आणि मावशीचा मानही राहिला. पहिल्या खेपेला ताट भरून घेणारे आणि मग 'नको नको' करणारे दोन्हीकडून हरतात.

उपासाच्या दिवशी वजन कमी होतं ही समजूत सोडून द्या. साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली प्लेट ५०० कॅलरीपर्यंत सहज जाते: निव्वळ पिष्ट, वर कूट आणि तूप. उपास धार्मिक असेल तर मनोभावे करा, पण वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, ताक आणि काकडी असं बेताचं ठेवा.

सहावा टप्पा: चालणं आणि बैठका

तासभर झपाझप चाललं तर ७० किलोंच्या माणसाच्या अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, एका वडापावात त्या परत येतात. चालून वजन फारसं उतरत नाही. उतरलेलं धरून ठेवायला मात्र चालण्याइतकं उपयोगी काही नाही. आठवड्याला १५० मिनिटं आणि दोन दिवस सूर्यनमस्कार, बैठका किंवा वजनं, एवढं बघा. गुडघे दुखत असतील तर बैठकांऐवजी खुर्चीवरून उठ-बस.

सातवा टप्पा: काटा अडकला की

साधारण सहा महिन्यांत काटा अडकतो. यात तुमचा दोष नाही. लहान झालेल्या शरीराला कमी इंधन लागतं, आणि शरीर काटकसरही करू लागतं. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत धडाक्यानं वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यांतले ४१ परत आले होते, आणि विश्रांतीतला त्यांचा कॅलरीखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० नं कमीच होता. हा अभ्यास २०१६ चा.

अडकल्यावर खाणं आणखी तोडू नका. आधी आठवडाभर वही लिहा, कारण चमच्याची परत पळी झालेली असते. वही स्वच्छ असेल तर दोन-तीन महिने आहे तिथेच राहा. तेवढा काळ वजन धरून ठेवणं हीदेखील कमाई आहे. मग पुढचे दोन-तीन किलो.

वजन सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, आठवड्यातून एका ठरावीक वारी करा. लोणचं-पापडाच्या जेवणानंतर किंवा पाळीच्या आधी किलोभर इकडे-तिकडे होतंच.

लक्ष्य गाठलं की वहीत त्याहून दोन किलो वर एक रेघ मारा. वजन उतरवून टिकवलेल्यांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली. त्यातले बहुसंख्य लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात आणि रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात. रेघ ओलांडली की पुढच्या सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी वही काढायची. दोन किलो उतरवायला दोन-तीन महिने पुरतात, बारा किलोंना वर्ष लागतं.

आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर चार-पाच किलो उतरल्यावर डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जाऊन या. जुना डोस नव्या वजनाला जड होतो. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा जेवणाआधी हातपाय थरथरत असतील तर थांबू नका, लगेच फोन करा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.